देह बेल्जियममध्ये, हात हवाईत : फादर डेमियन नेमके कुणाचे?

बेल्जियममध्ये ल्यूव्हन शहराजवळ ट्रेमेलो नावाचं गाव आहे. हा फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्यांचा भाग. शेजारचं बाल गाव धरूनही वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. पण २००५ मध्ये तिथल्या टीव्हीने सगळ्यात थोर बेल्जियन कोण यासाठी मतं मागवली, तेव्हा फ्लेमिश लोकांनी पहिला नंबर दिला तो याच गावातल्या धान्य व्यापाऱ्याच्या पोराला.

योझेफ द वोस्टर, म्हणजेच फादर डेमियन. जन्म ३ जानेवारी १८४०. खरंतर धर्मकार्यासाठी हवाईला जायचं होतं त्यांच्या मोठ्या भावाला. तो ऐनवेळी आजारी पडला आणि धाकटा हट्टाने त्याच्या जागी गेला. १८६४ मध्ये तो होनोलुलूत उतरला.

हवाईत तेव्हा राजाचं राज्य होतं आणि कुष्ठरोग पसरत होता. १८६६ पासून सरकार रुग्णांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटाच्या एका टोकावर नेऊन सोडू लागलं. तीन बाजूंना समुद्र, मागे उभा कडा. पळणार कुठे?

१८७३ मध्ये तिथे पाळीपाळीने पाद्री पाठवायचं ठरलं. पहिली पाळी डेमियनची होती. ते परत आलेच नाहीत. जखमा धुणं, घरं बांधणं, पाण्याचे पाइप टाकणं, शवपेट्या ठोकणं, सगळं केलं. रुग्णांसोबत एकाच भांड्यात जेवले. (अनेक गोष्टींत ते एकटेच हिरो दिसतात. पण या कामांत रुग्णांचेही हात होते, हे राहूनच जातं.)

१८७३ मध्येच नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचा जंतू शोधला, पण औषध यायला अजून कित्येक दशकं होती. १८८४ च्या अखेरीस डेमियन यांचा पाय कढत पाण्यात पडला आणि त्यांना काहीच जाणवलं नाही. काय झालंय ते त्यांना कळलं. १५ एप्रिल १८८९ रोजी ते गेले. वय ४९. रुग्णांनी त्यांना तिथेच, चर्चशेजारी पुरलं.

आपल्या बाबा आमटेंना १९८३ मध्ये मिळालेला डेमियन-डटन पुरस्कार यांच्याच नावाचा.

१९३६ मध्ये बेल्जियमने त्यांचा देह मायदेशी नेला. स्वागताला खुद्द राजा बंदरावर हजर होता. ल्यूव्हनमध्ये दफन झालं. इकडे मोलोकाईच्या रुग्णांकडे उरली रिकामी कबर.

तब्बल ५९ वर्षांनी, १९९५ मध्ये, डेमियन यांचा उजवा हात मोलोकाईला परत पाठवला गेला. त्याच जुन्या कबरीत तो पुरलाय.