इसाक ल मेर

इसाक ल मेर (इ.स. १५५८ च्या सुमारास – २० सप्टेंबर, इ.स. १६२४) हे नेदरलँड्समधील व्यापारी होते. हाती नसलेले समभाग विकून भावाच्या घसरणीवर नफा मिळवू पाहणारे इतिहासातील पहिले ज्ञात मोठे मंदीवाले म्हणून ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म आजच्या बेल्जियममधील तूर्ने येथे झाला. इ.स. १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश फौजांच्या हाती पडल्यावर त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये बस्तान बसवले. इ.स. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे (पुढे वेंगुर्ल्यात वखार घालणारी हीच कंपनी) ते मोठे भागधारक व संचालक होते. मात्र एका सफरीच्या हिशेबावरून वाद होऊन इ.स. १६०५ मध्ये त्यांना कंपनी सोडावी लागली.

इ.स. १६०९ च्या सुमारास त्यांनी काही साथीदारांसह कंपनीचे समभाग वायद्याने विकण्यास सुरुवात केली. मुदत भरेपर्यंत भाव उतरेल, मग स्वस्तात घेऊन ते खरेदीदारास देता येतील, असा हा बेत होता. या व्यवहारात लाभांशाचा प्रश्न कळीचा असतो. कंपनी लाभांश देते तो तिच्या वहीत नाव असलेल्या भागधारकास. ज्याच्याजवळ समभागच नाहीत त्या विक्रेत्यास तो मिळत नाही; उलट मुदतीत वाटला गेलेला लाभांश त्याला खरेदीदारास पदरचा भरून द्यावा लागतो. आजही उसने समभाग विकणारा मूळ मालकास तेवढी रक्कम देतो. कंपनीने तोवर एकदाही लाभांश दिला नव्हता, त्यामुळे मंदीवाल्यांवर हा बोजा पडत नव्हता. तरीही जानेवारी १६०९ मध्ये ल मेर यांनीच योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट यांच्याकडे कंपनीच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला. भागधारकांना काही मिळत नाही ही तक्रार खरी होती. तक्रारदाराचा हेतू मात्र निखळ म्हणता येत नाही.

संचालकांच्या मागणीवरून फेब्रुवारी १६१० मध्ये हाती नसलेल्या समभागांच्या विक्रीस बंदी झाली. त्याच वर्षी कंपनीने पहिला लाभांश जाहीर केला, तोही रोख नव्हे, तर जायपत्रीच्या रूपाने, दर्शनी मूल्याच्या ७५ टक्के! भाव चढले आणि ल मेर यांचे अनेक साथीदार दिवाळखोर झाले. ते स्वतः एग्मोंड येथे जाऊन राहिले.

कंपनीशी त्यांचे वैर संपले नाही. तिच्या मक्तेदारीला वळसा घालण्यासाठी त्यांनी इ.स. १६१५ मध्ये पुत्र याकोब व विलेम स्खाउटेन यांना नव्या सागरी मार्गाच्या शोधात पाठवले. केप हॉर्नचा मार्ग सापडला, पण कंपनीने जावा येथे त्यांचे जहाज जप्त केले. परतीच्या प्रवासात याकोब यांचे निधन झाले. ल मेर यांनी न्यायालयात दाद मागितली व निकाल त्यांच्या बाजूने लागला. एग्मोंड येथील त्यांच्या थडग्यावरील लेखात, अब्रू सोडून अफाट संपत्ती गमावल्याचा उल्लेख आहे.