भिंतीवरचे महाभारत : राजा रविवर्मा

रामायण-महाभारताची चित्रे आपल्या देशात शतकानुशतके काढली जात होती. मेवाडची व कांगड्याची लघुचित्रे तर जगद्विख्यात आहेत. पण ती भिंतीसाठी नव्हती. पोथीच्या पानाएवढी ती चित्रे बासनात बांधून राजवाड्यात ठेवीत. सामान्य गृहस्थाच्या दृष्टीस ती कशी पडावीत? पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रे छापली खरी. परंतु दमयंती-शकुंतलेला घरोघरी नेण्यात सर्वांत मोठा वाटा राजा रविवर्मा यांचा, असे आम्ही मानतो.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. (ते गादीवरचे राजे नव्हते, हे येथेच सांगून टाकतो.) मामा राजराज वर्मा तंजावरी पद्धतीने चित्रे काढीत. त्यांनी भाच्याचा हात ओळखला व चौदाव्या वर्षी त्यास तिरुवनंतपुरमच्या दरबारी नेले. तैलरंग शिकविण्यास मात्र कोणी तयार होईना. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी नकार दिला. त्यांचे शिष्य आरुमुगम पिल्लै गुपचूप थोडेफार दाखवीत. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला. त्यानेही शिकविले नाही, केवळ पाहू दिले. रविवर्मा पाहत राहिले आणि पाहून पाहूनच रंग कालवावयास शिकले! १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले.

१८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रे काढावयास सांगितली. सीतेला, दमयंतीला वस्त्र कोणते नेसवावे? प्रत्येक प्रांताचा पेहराव निराळा. बंधू राजराज वर्मा यांस घेऊन ते उत्तर हिंदुस्थानभर हिंडले आणि अखेर साडीवर स्थिरावले. त्यांच्या कित्येक नायिका आपल्याकडच्या नऊवारीत दिसतात त्या यामुळेच. पुढे बंगालच्या कलावंतांनी त्यांची चित्रे नाटकी ठरविली. आक्षेप अगदीच निराधार नाही. पण ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडू देत नसत, त्यांच्या घरीही या चित्रांतून लक्ष्मी-सरस्वती आल्या, हे आक्षेपकांनी ध्यानात घेतले नाही.

कारण १८९४ साली त्यांनी मुंबईस गिरगावात शिळाछापखाना काढला. यंत्रे व कारागीर जर्मनीचे. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढावयाचे. पहिले चित्र शकुंतलाजन्माचे. पुढे प्लेगाने धंद्याची घडी विसकटली. छापखाना घाटकोपर व तेथून लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला, तरी कर्ज वाढतच गेले. अखेर तो श्लायखर नामक जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. १९०५ मध्ये बंधू गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्म्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाची चित्रे मात्र मळवलीस छापली जातच राहिली. १९७२ साली त्या छापखान्यास आग लागली.