अडकित्त्यांचे रसिक : कै. दिनकर गंगाधर केळकर

वस्तू जमविण्याची हौस पुष्कळांना असते. काय जमवावे हे ओळखण्याची दृष्टी मात्र थोड्यांनाच लाभते. धारेच्या वस्तूंचा संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, कट्यार, बिचवा अशी वीरश्रीची आयुधे उभी राहतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी ज्या धारेवर जीव जडविला, ती घरोघरच्या पानाच्या तबकातली होती. त्यांच्या अफाट संग्रहात अडकित्त्यांना जे मानाचे स्थान मिळाले, त्यावरून त्यांच्या रसिकतेची ओळख पटते.

दिनकररावांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. चरितार्थासाठी घरचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि मन कवीचे होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने त्यांनी काव्यलेखन केले. सन १९२० च्या सुमारास त्यांच्या संग्रहास आरंभ झाला आणि पुढे तोच त्यांचा ध्यास बनला. खेडोपाडी, जुन्या वाड्यांतून, आडबाजारांतून ते वर्षानुवर्षे हिंडले. हा संसार दुहेरी होता, एक घरचा व एक वस्तूंचा. आणि पत्नी कमलाबाई यांनी दोन्हींत साथ दिली.

अडकित्त्याची रचना साधी. दोन दांड्या एका टोकाशी खिळीने जोडलेल्या. वरच्या पात्याला धार, खालच्या भागावर सुपारी धरावयाची आणि मुठीत दाबावयाचे. एवढ्या मर्यादेत कारागिराने काय काय साधावे! कोठे दांड्यांना मोराची वा पोपटाची डौलदार मान, कोठे घोडा व त्यावरील स्वार, कोठे स्त्री-पुरुषाची जोडी. पितळेच्या अंगाला पोलादी पाते बसविलेले. नक्षी कितीही केली तरी सुपारी कातरली गेलीच पाहिजे, हा नियम मात्र अढळ. उपयोग व सौंदर्य यांचा असा मेळ रत्नजडित कट्यारीतही क्वचितच आढळतो, कारण तिचे आयुष्य बहुधा दरबारी मिरविण्यात जाते. अडकित्ता रोज हाताळला जातो आणि हाताच्या घर्षणाने गुळगुळीत होतो.

आपण परप्रांतीं राहणाऱ्यांना या वस्तूचे आणखी एक अप्रूप वाटावे. गुजरातेत तिला सुडी म्हणतात, हिंदी मुलुखात सरौता, बंगालात जाँती, कर्नाटकात अडकत्तरी आणि तमिळनाडूत पाक्कुवेट्टि. नावे निराळी, घाट निराळे. परंतु पाहुण्यापुढे पानसुपारी ठेवण्याचा रिवाज एकच. दिनकररावांनीही आपली नजर महाराष्ट्राच्या सीमेपाशी थांबविली नाही. निरनिराळ्या प्रांतांतील वस्तू त्यांनी पुण्यास आणल्या.

ज्या नजरेने त्यांनी अडकित्ते निवडले, त्याच नजरेने दिवे, वज्र्या, दौती, वाद्ये, गंजिफा आणि कोरीव दरवाजेही निवडले. भारतीय दिव्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली प्रसिद्ध केले. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा करविला. तथापि एखाद्या अनाम लोहाराच्या हातचा अडकित्ता त्यांना या महालाइतकाच जपण्याजोगा वाटला. आमच्या मते त्यांचे मोठेपण याच समदृष्टीत आहे.

त्यांचा पुत्र राजा बालपणीच निवर्तला. त्या दुःखाला दिनकररावांनी जे रूप दिले, ते आज शुक्रवार पेठेत उभे आहे. १९६२ साली संग्रहालय रीतसर स्थापन झाले व त्याला राजाचे नाव मिळाले. १९७५ साली त्यांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह. एका वेळी त्यातील थोडाच भाग मांडता येतो. आयुष्यभर जमविले आणि हयातीतच देऊन टाकले. १७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे देहावसान झाले.

हे लिहीत असता आम्हांस आमचाच एक अपराध आठवतो. बदल्यांच्या नोकरीत दर खेपेस सामान हलके करावे लागे. अशाच एका बदलीच्या गडबडीत आजीचा अडकित्ता आम्ही भंगारात वजनावर दिला. घरात पान खाणारे कोणी उरले नव्हते, म्हणून ती वस्तू निरुपयोगी ठरविली. पुढे केळकर संग्रहालयातील काचेआड तसाच एक अडकित्ता दिसला, तेव्हा आजीचा हात डोळ्यांपुढे आला आणि मान खाली गेली.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची सभासदांस एवढीच विनंती आहे. सुटीत पुण्यास जाल तेव्हा मुलाबाळांसह हे संग्रहालय अवश्य पाहावे. परंतु त्यापूर्वी माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा उघडावी, आणि जे हाती लागेल ते कोणाचे, कोठून आले, हे मुलांना सांगावे. दिनकररावांना आदरांजली वाहण्याचा याहून योग्य मार्ग आम्हांस सुचत नाही.