सालारजंग पहिले : जमिनीचा हिशोब लावणारा दिवाण आणि हातून गेलेला वऱ्हाड

हिंगोली शहरात रिसाला आहे, पलटण आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे, सदर बाजार आहे. आजच्या पोरांना ही नुसती मोहल्ल्यांची नावं वाटतात. खरं तर ती एका फौजेची आठवण आहे. हैदराबाद कंटिंजंट नावाची ही फौज निजामाच्या नावाने उभी होती, तिचे बडे अधिकारी इंग्रज होते, आणि तिच्या पगारापोटी वऱ्हाडचा अख्खा मुलूख निजामाच्या कारभारातून गेला. तो परत मिळवण्यासाठी ज्यांनी हयातभर कागद लढवले, त्यांचं नाव मीर तुराब अली खान, म्हणजेच सालारजंग पहिले.

हैदराबादला गेल्यावर आपले लोक सालारजंग म्युझियम हमखास बघून येतात. तो संग्रह प्रामुख्याने त्यांच्या नातवाचा, सालारजंग तिसरे यांचा. आजोबांची कमाई वेगळ्या जातीची होती. मराठवाड्यातला जिल्हा, तहसील आणि साऱ्याचा सरकारी हिशोब यांची सुरुवात शोधत गेलं की आपण त्यांच्यापाशीच पोचतो.

घराणं मोठं, कर्जही मोठं

तुराब अलींचा जन्म जानेवारी १८२९ मधला. घराण्याच्या परंपरेनुसार पूर्वज मदिन्याहून दख्खनला आले आणि विजापूरच्या आदिलशाहीत नोकरीला लागले. पुढे मोगल, मग निजाम. राज्यं बदलली, पण या घरातली कलम आणि जहागीर सुटली नाही. निजामाचे दिवाण मीर आलम यांचे जावई मुनीर-उल-मुल्क हे तुराब अलींचे आजोबा. तेही दिवाण झाले. चुलते सिराज-उल-मुल्क हेसुद्धा दिवाण.

इथं जहागीर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, कारण त्यात अजूनही लोकांची गल्लत होते. जहागीरदार हा बहुतेक ठिकाणी जमिनीचा मालक नसायचा. त्याला त्या गावांचा सारा वसूल करून खाण्याचा हक्क मिळालेला असायचा. जमीन कसणारा शेतकरी वेगळाच. जहागीरदार वारला की कायद्याच्या नजरेने जहागीर सरकारजमा व्हायची, आणि वारसाला नजराणा भरून नवी सनद आणावी लागायची.

स्पेनमध्ये याच्या उलट घडलं. १२४८ साली इश्बिलिया, म्हणजे आजचं सेव्हिल, मुसलमानांच्या हातून गेलं. कॅस्टिलच्या राजाने तिथली घरं, बागा, शेतं आपल्या सरदारांना आणि चर्चला वाटून दिली. पुढे गुझ्मान, मेंदोसा अशा घराण्यांनी थोरल्या वारसाकडे अख्खी मिळकत जाईल, तिचे तुकडे पडणार नाहीत आणि ती विकताही येणार नाही, असा बंदोबस्त करून घेतला. त्यामुळे ती घराणी शतकानुशतकं जमिनीवर पाय रोवून राहिली. दख्खनचा उमराव मात्र कायम दरबाराकडे डोळे लावून बसलेला. मर्जी गेली की गावं गेली.

तुराब अलींनी हे घरातच पाहिलं. वडील लवकर वारले. आजोबा १८३२ साली गेले ते मागे कर्जाचा डोंगर ठेवून. घराण्याच्या जहागिरींवर जप्ती आली. पोरगं चुलत्यांच्या छायेत वाढलं, फारसी-अरबी शिकलं, इंग्रजीही शिकलं. पुढे जहागिरी मोकळ्या झाल्यावर त्यांचा हिशोब याच तरुणाकडे आला. वयाच्या विशीत खम्मम भागात तालुकदारी करून त्यांनी वसुलीचं काम जवळून पाहिलं. कोणता आकडा खरा आणि कोणता फुगवलेला, हे ओळखायला ते तिथंच शिकले.

चोविसाव्या वर्षी दिवाणी

१८५३ चं साल हैदराबादसाठी फार वाईट उजाडलं. कंटिंजंटचा पगार थकत गेला होता. त्यापोटी कंपनी सरकारचं कर्ज चाळीस लाखांच्या वर पोचलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने पैशांऐवजी मुलूख मागितला. २१ मे १८५३ रोजी करार झाला. वऱ्हाड, धाराशिवकडचा पट्टा आणि रायचूर दुआब असा वर्षाला सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. कागदावर मालकी निजामाचीच राहिली आणि कारभार मात्र साहेबाचा सुरू झाला.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोली आणि कळमनुरी, हा निजामाचा मुलूख. पलीकडे उमरखेड आणि पुसद, तिथून वर वाशिम, हे सगळं वऱ्हाड. फौजेची एक छावणी नदीच्या या अंगाला हिंगोलीत आणि तिच्या पगाराची शेतं त्या अंगाला. एकाच बोलीचे, एकमेकांत सोयरीक असलेले लोक दोन कारभारांत वाटले गेले.

करारावेळी दिवाण होते सिराज-उल-मुल्क. करारानंतर काहीच दिवसांत ते वारले. मे महिन्याच्या अखेरीस निजाम नासिर-उद-दौला यांनी दिवाणी तुराब अलींच्या गळ्यात घातली. वय चोवीस. तिजोरी रिकामी, जवाहिरं गहाण, आणि हाती उरलेल्या जिल्ह्यांचं उत्पन्न सावकारांकडे लावून दिलेलं.

ठेकेदारी मोडली, जिल्हे बांधले

तोवर वसुलीची रीत अशी होती. जो तालुकदार दरबारात जास्त रक्कम आगाऊ मोजेल त्याला तालुका मिळायचा. ती रक्कम तो सावकाराकडून उचलायचा आणि शेतकऱ्याकडून काढायचा. उद्या कोणी जास्त बोली लावली की हा गेला. म्हणजे मुदतीत जेवढं ओरबाडता येईल तेवढं ओरबाडायचं. त्यातच अरब जमादार आणि रोहिले पगाराच्या थकबाकीपोटी किल्ले आणि गावं धरून बसलेले.

सालारजंगांनी एकेक गाठ सोडवायला घेतली. सावकार आणि जमादारांचे हिशोब तपासले, व्याज कमी करून घेतलं, रक्कम ठरवून हप्ते बांधले आणि गहाण तालुके सोडवून आणले. वसुली ठेकेदाराऐवजी पगारी तालुकदाराकडे दिली. सगळा पैसा मध्यवर्ती खजिन्यात जमा होऊ लागला. ठिकठिकाणच्या टांकसाळी बंद करून नाणं हैदराबादेत पाडायला घेतलं, कारण दर शिक्क्याचा भाव वेगळा असला की मार शेतकऱ्यालाच बसायचा.

१८६४ साली महसुलासाठी मजलिस नेमली गेली आणि १८६५ पासून जिल्हाबंदी सुरू झाली. सुभे, जिल्हे, तालुके ठरले. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दोम आणि सोम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, गावात पाटील-पटवारी. हिंगोली, वसमत, कळमनुरी हे तालुके परभणी जिल्ह्यात राहिले, ते थेट १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत. धान्याच्या बटईऐवजी रोख सारा आला. १८७५ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जमिनीची मोजणीही सुरू झाली. कोणाच्या नावावर किती जमीन, कशी जमीन, सारा किती, हे सरकारी वहीत चढू लागलं.

याच जोडीला दारुल-उलूम, मदरसा-ए-आलिया, मुन्सफांच्या अदालती, पोलिस खातं, आणि १८७४ साली वाडीहून सिकंदराबादला पोचलेली रेल्वे. कामाची माणसं त्यांनी बाहेरूनही आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली हे उत्तर हिंदुस्थानातून आलेले. कारभार सुधारला, पण मुल्की आणि गैरमुल्की या वादाचं बीही याच काळात पडलं.

१८५७ : सगळ्यात अवघड प्रश्न

सालारजंगांबद्दल आपल्या समाजात दोन मतं आहेत, आणि ती याच सालावरून. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. सालारजंगांनी रेसिडेंटला आधीच सावध केलेलं होतं. हल्ला मोडला. तुर्रेबाज खान पुढे १८५९ मध्ये मारले गेले, मौलवी साहेबांना काळ्या पाण्यावर पाठवलं गेलं. हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं, म्हणून दख्खन शांत राहिली.

लोकांचा राग इतका होता की मार्च १८५९ मध्ये दरबारातून रेसिडेंटसोबत बाहेर पडताना सालारजंगांवर गोळी झाडण्यात आली. ते थोडक्यात वाचले. १८६८ सालीही त्यांच्यावर असाच हल्ला झाला.

आम्ही तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांचं बलिदान कमी लेखणार नाही. पण सालारजंगांची गणितंही समजून घ्यायला हवीत. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद, हिंगोली, एलिचपूर अशा ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांची फौज राज्याच्या पोटात बसलेली होती. हरलो तर वऱ्हाडासारखंच उरलेलं राज्यही जाईल, आणि साथ दिली तर वऱ्हाड परत मिळेल, असा त्यांचा हिशोब असावा. त्यातला अर्धाच खरा ठरला. १८६० च्या तहात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिवकडचा भाग आणि रायचूर दुआब परत आले, शोरापूर मिळालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं.

वऱ्हाडचा कागद

१८६९ साली निजाम अफझल-उद-दौला वारले. गादीवर बसलेले महबूब अली खान अजून तीन वर्षांचेही नव्हते. सालारजंग आणि अमीर-ए-कबीर शम्स-उल-उमरा यांनी मिळून राज्य सांभाळलं. खजिन्याची घडी एव्हाना बसली होती. तेव्हा सालारजंगांनी वऱ्हाडची मागणी लेखी लावून धरली. मुलूख पगाराच्या हमीसाठी घेतलाय ना, मग पगाराची कायमची सोय होईल एवढी रक्कम आम्ही ठेव म्हणून देतो, मुलूख सोडा, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. हिशोबाने तो बिनतोड होता. पण वऱ्हाडात तोवर कापूस पिकत होता, रेल्वे पोचली होती, आणि साहेबाला ते सोडायचं नव्हतं.

१८७६ साली ते विलायतेला गेले. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून पायाला जबर दुखापत झाली. तरी लंडनला पोचले. महाराणीची भेट झाली, ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली, लंडन शहराने सत्कार केला. मान-मरातब भरपूर मिळाला, पण वऱ्हाडची दाद काही लागली नाही. परत आल्यावर तर त्यांच्या पायात खोडा घालायला त्यांच्या विरोधातले अमीर रशीदुद्दीन खान यांना १८७७ मध्ये सोबतीला बसवलं गेलं. वऱ्हाडबद्दल एवढंच कळवलं गेलं की निजाम सज्ञान होईपर्यंत हा विषय काढू नये.

सालारजंग थांबले. ७ फेब्रुवारी १८८३ रोजी परदेशी पाहुण्यांसोबत ते मीर आलम तलावावर गेले होते. त्या रात्रीच कॉलऱ्याने गाठलं आणि दुसऱ्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, त्यांचं निधन झालं. वय चोपन्न. हैदराबादच्या दायरा मीर मोमिनमध्ये त्यांची कबर आहे. महबूब अली खान यांना पूर्ण अधिकार मिळाले फेब्रुवारी १८८४ मध्ये, म्हणजे बरोबर एका वर्षाने. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी फौजेत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. फौज गेली, मुलूख काही आला नाही.

जे त्यांनी केलं नाही

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही. सालारजंगांच्या सुधारणा दिवाणी, म्हणजे खालसा मुलखापुरत्या होत्या. निजामाची खासगी सर्फ-ए-खास, पैगाह अमीरांची आणि जहागीरदारांची गावं मिळून राज्याचा सुमारे चाळीस टक्के भाग होता. तिथं जुनीच रीत चालू राहिली. खुद्द सालारजंगांच्या घराण्याकडे अजिंठा, कोप्पळ, येलबुर्गा अशी मोठी जहागीर होती. खालशातल्या शेतकऱ्याला वहीत नाव मिळालं, जहागिरीतल्या शेतकऱ्याला पुढची पाऊणशे वर्षं वाट पाहावी लागली. उमरावांना दुखवलं असतं तर दिवाणी टिकली नसती, हे खरं. पण त्याची किंमत जहागिरीतल्या गरीब शेतकऱ्याने मोजली, हेही तेवढंच खरं.

घराण्याची जहागीर शेवटी गेलीच. सालारजंग तिसरे मार्च १९४९ मध्ये अविवाहित वारले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबाद संस्थानातल्या सगळ्या जहागिरी कायद्याने संपल्या. त्यानंतर इनामांचा कायदा आला आणि १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली.

आज हिंगोली, वसमत, कळमनुरीत मशीद-दर्ग्याच्या खिदमतमाश जमिनीचे वाद उभे राहतात तेव्हा मुद्दा तोच असतो, जो जहागीर म्हणजे काय हे सांगताना आला : घराण्याला उत्पन्नाचा किंवा सेवेचा हक्क होता, की जमिनीची मालकी होती? जो खिदमत करतो तो त्या जमिनीचा मालक होत नाही, आणि ती परस्पर विकताही येत नाही. उत्तर जुन्या सनदेत, मुंतखबात, पाहणीपत्रकात लिहिलेलं असतं. १८८४ च्या आधीचा सरकारी कागद बहुतेक फारसीत, नंतरचा उर्दूत, गावकीचा मोडीत. त्यावरच्या फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतं. घरच्या पेटीत असा कागद असेल तर तो आधी जाणकाराकडून वाचून घ्या आणि त्याची नक्कल काढून ठेवा. वाळवीला वकील लागत नाही.