सोन्नलिगेचे शिवयोगी सिद्धराम

श्रीशैलाच्या वाटेने आपण मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जातो. 12 व्या शतकात त्याच वाटेने एक मुलगा रडत, मल्लय्याला हाका मारत गेला होता. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. तेथील मुद्दगौड व सुग्गलादेवी यांचा हा पुत्र. अबोल असल्याने लोक त्याला वेडगळ समजत. शेतात एक जंगम आला, त्याने दहीभात मागितला. मुलगा घरी धावला. परत येतो तो जंगम दिसेना. मग यात्रेकरूंच्या मागोमाग तो थेट श्रीशैलाच्या कड्यापर्यंत पोहोचला आणि तेथे मल्लिकार्जुनाने त्याला सावरले, असे चरित्रकार सांगतात. 13 व्या शतकातील राघवांकाने हे चरित्र कन्नडमध्ये रसाळपणे गायिले आहे.

परत आल्यावर सिद्धरामांनी 68 लिंगे स्थापिली, मोठा तलाव खोदविला. काम चालू असताना अल्लमप्रभू आले आणि त्यांनी ओड्ड, म्हणजे माती-दगड वाहणारा वड्डर, असे म्हणून त्यांना हाक मारली. शिष्य खवळले, दगड उचलले. स्वतः सिद्धरामही क्रोधाने पेटले. 15 व्या शतकातील शून्यसंपादने ग्रंथात हा संवाद विस्ताराने आला आहे. त्या हाकेचा राग का यावा, याचाच आपण विचार करावा. कायकाला हलके मानले तरच तो शब्द अपमानाचा होतो! आज कर्नाटकातील वड्डर समाज त्यांनाच गुरू मानतो.

प्रभूंचा प्रश्न वेगळा होता. बाहेर इतकी लिंगे स्थापिली, पण अंतरी लिंग कोठे आहे? हा प्रश्न आम्हा मठाधिपतींनाही टोचतो. सभामंडपाच्या फरशीचा हिशोब करता करता आमचीही शिवपूजेची वेळ टळते.

सिद्धराम शांत झाले. प्रभूंसोबत कल्याणला, अनुभवमंटपात गेले. तेथे वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली. आधीच थोर म्हणून पूजिल्या जाणाऱ्या पुरुषाने असे नमावे, हे तलाव खोदण्यापेक्षा अवघडच. त्यांच्या वचनांची मुद्रा कपिलसिद्ध मल्लिकार्जुन अशी आहे.

दीक्षेने पूर्वीचे कार्य व्यर्थ ठरले, असे काही जण मानतात. आम्हांस ते पटत नाही. कल्याणच्या उलथापालथीनंतरही त्यांची समाधी सोन्नलिगेतच, त्याच तलावात झाली. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज आजही त्या 68 लिंगांना तैलाभिषेक करीत निघतात.