प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन १९ मृत्यूंचे आरोपी कसे झाले?

हिंगोलीहून, वसमतहून, कळमनुरीहून कॅन्सरचा पेशंट घेऊन मुंबईला आलेली माणसं परळच्या टाटा हॉस्पिटलला उतरतात. तिथून चालत काही मिनिटांवर हाफकिन संस्था आहे. नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पोलिओच्या डोसच्या बाटलीवर ते असायचं, आणि सरकारी दवाखान्यात साप चावल्यावर देतात त्या इंजेक्शनवरही असतं.

पण हाफकिन हे एका माणसाचं नाव आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. तो माणूस ना मुंबईचा, ना इंग्रज.

तो परळला आला त्या काळात आपल्याकडे माणसं कॅन्सरने किंवा हार्ट अटॅकने मरायच्या वयापर्यंत पोचतच नसत. पटकी, देवी, हगवण, ताप आणि पुढे प्लेग, यातलं काहीतरी आधीच गाठायचं. १९११ ते १९२१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे विसाव्या वर्षी मरत असा नाही. पोटची मुलं इतकी जायची की सरासरीच तिथं येऊन थांबायची. मराठवाड्यात वेशीबाहेर मरीआईचं ठाणं दिसतं ना, ते पटकीच्याच भीतीतून आलेलं.

तर हा हाफकिन कोण?

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना शिकवायला इल्या मेचनिकोव्ह होते, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. मेचनिकोव्हच्या हाताखाली पोरगा तयार झाला, पण झारविरोधी चळवळीत असल्यामुळे त्याला अटकाही झाल्या. प्राध्यापकी हवी असेल तर ज्यू धर्म सोडून ख्रिश्चन व्हावं लागेल, अशी अट होती. हाफकिन यांनी नकार दिला. मग देश सुटला. आधी जिनिव्हा आणि मग १८८९ साली पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट.

तिथं संशोधकाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथपालाची होती. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. त्यातून पटकीची लस तयार झाली आणि जुलै १८९२ मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

आता लस तर झाली, पण ती चालते का हे ठरवायचं कसं? त्यासाठी पटकीने खरोखर माणसं मरताहेत अशी जागा पाहिजे. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्यात उतरले.

इथून पुढे हाफकिन यांचं खरं वेगळेपण सुरू होतं, आणि लसीपेक्षाही ते जास्त महत्त्वाचं आहे असं आम्हाला वाटतं. लस शोधणारे त्या काळी इतरही होते. हाफकिन यांनी काय केलं, तर मृत्यू मोजले. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर राहणाऱ्या, एकाच चाळीतल्या माणसांपैकी काहींनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. पटकी आली की कोणत्या गटातले किती मेले? कलकत्त्यात काट्टाल बागान नावाच्या वस्तीत साधारण दोनशे माणसं होती, त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. नंतर पटकी आली तेव्हा मेले ते लस न घेतलेल्यांतले. आज कोणत्याही औषधाची चाचणी याच रीतीने होते, आपल्याला त्यात नवल वाटत नाही. १८९४ मध्ये ही नवलाची गोष्ट होती.

कारण तेव्हा मृत्यूची नोंद म्हणजे काय होती ते बघा. मुंबई इलाख्यात गावचा पोलीस पाटील मयताची खबर देणार. त्याला ना वैद्यकाचं शिक्षण, ना मेलेल्या माणसाची तपासणी. कारण लिहायचं ते ठरलेल्या दहा-पाच खान्यांतलं एक. पटकी, देवी आणि प्लेग ओळखू यायचे. बाकी जवळपास सगळं 'ताप' या खान्यात. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, सगळ्याला ताप. वर्षानुवर्षं भारतात सगळ्यात जास्त माणसं 'तापाने' मेली असं सरकारी अहवाल सांगत राहिले.

हिंगोलीची तर गोष्टच निराळी. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश इंडियाच्या मृत्यूंच्या वार्षिक आकड्यांत संस्थानांतली माणसं धरलीच जात नसत. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या पिढीतले कितीतरी मृत्यू त्या मोठ्या बेरजेत नाहीतच.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका पेशंटला तपासलं आणि हा गाठीचा प्लेग आहे असं जाहीर केलं. आधी कोणी मानायला तयार नव्हतं. मग माणसं भराभर मरायला लागली. काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही पळाला. हाफकिन यांना ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं गेलं.

त्यांना मिळालं काय? ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी प्लेगची लस बनवायला घेतली. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात बैलाचं मांस वापरत, इथं ते चालणार नाही हे ओळखून त्यांनी बकऱ्याचं वापरलं. त्यावर सोडलं तूप. हो, आपलं साजूक तूप. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून दगडाच्या सुळक्या लोंबतात तसे. बाटली हलवली की खाली पडायचे आणि पुन्हा नवे वाढायचे. नंतर उष्णता देऊन ते मारायचे. झाली लस.

तीन महिन्यांत हे काम झालं. एक मदतनीस कामाच्या ताणाने कोसळला, बाकीचे सोडून जायच्या बेतात होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. ताप आला, दुखलं, उतरलं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी निम्म्यांना लस, निम्म्यांना नाही, आणि पुन्हा तीच मोजणी. लस घेतलेल्यांत आजारी थोडे पडले आणि दगावलं कोणी नाही. न घेतलेल्यांत मृत्यू झाले. कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली असं नोंदलेलं आहे. तुरुंगात स्वखुशी किती असते, हा प्रश्न आजचा वाचक विचारणारच, आणि तो विचारलाच पाहिजे.

१८९७ हे साल मराठी माणसाला वेगळ्याच कारणांनी पाठ आहे. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग कमिटीचा रँड सोल्जर घेऊन घराघरात घुसला, लोकांना उचलून नेलं, सामान जाळलं. जूनमध्ये चापेकर बंधूंनी त्याला गोळ्या घातल्या. साथरोगांचा तो कायदा, जो २०२० साली कोविडमध्ये आपल्या सगळ्यांना ऐकू आला, तोही १८९७ चाच. या धुमाकुळात एक परदेशी माणूस सुई घेऊन उभा राहतो, तेव्हा लोक त्याच्यावर विश्वास का ठेवतील? लस टोचली की मूल होत नाही, धर्म बाटतो, माणूस मरतो, अशा अफवा होत्याच. हाफकिन यांचं म्हणणं होतं की बळजबरी नको, आधी लोकांसमोर स्वतः घ्या. आगाखानांनी त्यांना प्रयोगशाळेसाठी स्वतःचा बंगला दिला आणि चारचौघांत लस टोचून घेतली. त्यांच्या खोजा समाजातली हजारो माणसं मग पुढे आली.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात हलली. तीच आजची हाफकिन संस्था. मागणी वाढत गेली, लाखोंनी लस लागायला लागली. उत्पादन वेगाने व्हावं म्हणून लसीत कार्बोलिक ॲसिड घालायची पायरी त्यांनी वगळली आणि उष्णतेवर भर दिला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं इथेच येऊन अडकलं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यापैकी एका बाटलीतली लस १९ जणांना मिळाली. बाटलीचा नंबर ५३-एन. काही दिवसांनी त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ चे १९ मेले. दुसऱ्या बाटल्यांतली लस घेतलेल्या कोणाला काही झालं नाही.

१९ घरं. ज्यांनी अफवांना न जुमानता दंड पुढे केला, त्यांचीच घरं. हे विसरून हाफकिन यांची बाजू मांडता येत नाही.

प्रश्न एकच होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत परळला गेले की मलकोवालला? चौकशी समितीने ठपका परळवर ठेवला, म्हणजे हाफकिन यांच्यावर. कार्बोलिक ॲसिड वगळलं हीच चूक, असं धरलं गेलं. त्यांना पदावरून दूर केलं गेलं. ज्यू, रशियन, डॉक्टरकीची पदवी नसलेला माणूस, ब्रिटिश नोकरशाहीत त्याची बाजू घेणारे फार नव्हते. तेव्हा फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण ताजं होतं. हाफकिन यांच्या प्रकरणाला लोक छोटं ड्रेफस प्रकरण म्हणायला लागले.

पुरावा मात्र पहिल्यापासून समोर होता. बाटली परळला भरली गेली ती घटनेच्या ४१ दिवस आधी. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते तर उघडताक्षणी घाण वास आला असता. उघडणाऱ्याला तसा वास आला नव्हता. शिवाय ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शेतात खिळा लागला की आपण इंजेक्शन घ्यायला पळतो ते उगाच नाही.

हे मान्य व्हायला पाच वर्षं गेली. जुलै १९०७ मध्ये मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष आहेत हे मांडलं. सरकारने माघार घेतली. आणि ते १९०७ साल कोणतं होतं? भारतात प्लेगने सगळ्यात जास्त माणसं मेली ते. एका वर्षात तेरा लाखांच्या आसपास. लस बनवणारा माणूस या सगळ्या काळात स्वतःची फाईल घेऊन युरोपात झगडत होता. त्या पाच वर्षांत मलकोवालची बातमी ऐकून किती गावांनी लस नाकारली असेल, याची मोजणी कोणी केलेली नाही.

हाफकिन परत आले, पण मुंबईला नाही. कलकत्त्यात जागा मिळाली, तीही माणसांवर चाचण्या करायच्या नाहीत या अटीवर. मोजणीच ज्याचं काम, त्याची मोजणी थांबली. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथं त्यांचं निधन झालं. लग्न केलं नव्हतं.

मग प्लेग हाफकिनच्या लसीने गेला का? तेवढ्यानेच नाही. पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत भारतात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गिळून तो ओसरला, त्यात लस होती, उंदरांवरचा बंदोबस्त होता आणि उंदरांमध्येच प्रतिकारशक्ती वाढल्याचंही संशोधकांनी दाखवलं आहे. तो पुरता मेलाही नव्हता. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग पुन्हा दिसला. आदल्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने पळापळ झाली.

पण एकूण चित्र पार उलटलं. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. पटकीसाठी मीठ-साखरेचं पाणी आणि सलाईन आलं. १९९० साली देशातल्या शंभर मृत्यूंपैकी ३८ हृदयविकार, कॅन्सर, मधुमेह, दमा अशा न पसरणाऱ्या आजारांचे होते. २०१६ साली ते ६२ झाले. हिंगोलीहून परळला येणारी गाडी आज हाफकिनऐवजी टाटाकडे वळते ती यामुळे. माणूस साठी-सत्तरीपर्यंत जगतो, म्हणून त्याला हे आजार गाठतात. पण सगळं वयावर ढकलता येत नाही. तंबाखू आहे, आणि चाळिशीत हार्ट अटॅक येणारेही आहेत.

आणि एवढं सगळं होऊन मोजणीचं काय? २०२० मध्ये देशात नोंद झालेल्या शंभर मृत्यूंपैकी साधारण २२ मृत्यूंचंच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. घरी गेलेल्या माणसाच्या बाबतीत म्हातारपण, ताप, छातीत दुखलं, इतकंच मागे राहतं. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर डॉक्टरने फॉर्म ४ भरायचा असतो, घरी झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टर बघत असेल तर फॉर्म ४-ए. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायची तरतूद कायद्यात आहे. ती मागा. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतं, ते या कागदावर असतं.