पगार गेला, पाखरे राहिली

अलिबागजवळच्या किहीम गावाला सुट्टीच्या दिवशी मुंबईकरांची गर्दी होते. नारळी-पोफळीच्या वाड्या, स्वच्छ किनारा पाहून मंडळी परततात. मात्र याच गावात 1930 साली एक बेकार माणूस पत्नीसह राहायला आला होता आणि येथेच त्याच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा माणूस म्हणजे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईवडिलांचे छत्र फार लवकर हरपले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्यांना दाखवले. त्या दिवशी जो छंद जडला, तो जन्मभर सुटला नाही.

परंतु छंदाने पोट भरत नाही. तरुणपणी ते भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात हातभार लावायला ब्रह्मदेशात गेले. धंद्यापेक्षा तिथल्या जंगलातच ते अधिक रमले. 1917 साली मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला सुरुवात केली. त्यांचे खरे मन कुठे आहे, हे ओळखले सेंट झेवियर्स कॉलेजच्या फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. फादर ब्लॅटर हे येशूसंघीय धर्मगुरू आणि मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी या तरुणाला प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केले. सलीम अली यांनी हिशेबाचा अभ्यासही सोडला नाही. दोन्ही शिक्षणे एकाच वेळी चालू ठेवली.

डिसेंबर 1918 मध्ये त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा, आणि शेवटी तो धंदा बुडाला. सरकारच्या प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. पगार दरमहा 350 रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दोन वर्षांनी मात्र त्यांनी अभ्यासाची रजा घेतली आणि ते बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. 1930 मध्ये परतले तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती!

वय तेहतीस, पदरी संसार आणि हाती पगार नाही. मुंबईचा खर्च झेपेना. कुटुंबाचे लहानसे घर किहीमला होते, तेथे दोघे राहायला आली. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. पावसाळ्यात घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत भरली. सलीम अली रोज तासन् तास आडोशाला बसून ती पाहू लागले.

आपण कौतुकाने सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येऊन तपासते. तिला पसंत पडला तरच ती घर स्वीकारते आणि मग नर तो पुरा करतो. त्यानंतर तो दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो. किहीमला केलेल्या या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख 1931 साली सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले.

आता पुढे काय? एखाद्या कचेरीत कारकुनी किंवा पुन्हा व्यापार, असे मार्ग होते. त्यांनी वेगळीच वाट धरली. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आपण पगाराशिवाय करू, फक्त खर्च मिळावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. 1931 मध्ये हैदराबाद, 1933 मध्ये त्रावणकोर-कोचीन, अशा मोहिमा सुरू झाल्या. हे शक्य झाले ते तेहमिनांमुळे. काटकसरीचा संसार त्यांनी कुरकुर न करता स्वीकारला, रानावनातल्या तंबूंत त्या सोबत राहिल्या. 1939 साली एका शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. नवऱ्याला पुढे मिळालेला मान पाहायला त्या उरल्या नाहीत.

1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक आले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला दिली. 1987 साली, नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले.

आज आपल्या घरांतही हा प्रश्न येतो. मुलाला एक काम आवडते, पगार दुसऱ्या कामात असतो. सलीम अली यांचे चरित्र वाचून कोणी उद्याच नोकरी सोडावी, असे नाही. त्यांना डोक्यावर छप्पर होते, समजूतदार जोडीदार होती. पदवी नसल्याची किंमतही त्यांनी मोजलीच. पण फादर ब्लॅटर यांनी केले ते आपल्यापैकी प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला करता येईल. हिशेब शिकणाऱ्या मुलाचे डोळे खिडकीबाहेरच्या पाखरावर असतील, तर त्याला दटावण्याआधी ते पाखरू कोणते, एवढे तरी विचारावे.